पिसुरडं, नोंद ७ : हात कापले, शेपटी उतरवली, शेवटी झोपवलं

मागच्या नोंदीत पिसुरड्याच्या मॉडेलचा तारेचा सांगाडा उभा करून थांबलो होतो. तेव्हापासून दोनदा मागे आलो. प्राणी आता पायांवर उभा राहायचा सोडून झोपलाय, आणि तसाच छान दिसतोय.

नव्यांसाठी थोडक्यात: पिसुरडं म्हणजे ट्रूडॉन्टिड कुळातला (पक्ष्यांच्या जवळचे, पिसांचे डायनासोर), मांजराएवढा कल्पित पाळीव डायनासोर. त्याला कुणी पकडून आणलं नाही. उंदरांमागोमाग धान्याच्या कोठारात शिरला आणि तिथेच राहिला. मांजरंही अशीच आली, म्हणून ही वाट मला पटते. मोठे डोळे कुळातच आहेत, तेव्हा रात्रपाळी जमेल.

पहिली चूक हातांची. पंजे जमिनीकडे वळवले होते, पेटी वाजवायला बसल्यासारखे. या प्राण्यांचं मनगट तसं फिरत नाही. तळवे समोरासमोर राहतात, टाळी वाजवताना असतात तसे. ठाऊक असूनही चुकलो, लहानपणी पाहिलेली चित्रं बोटांत मुरलेली असतात. दोन्ही हात कापून पुन्हा जोडले. शिवाय पंखाची लांब पिसं मनगटाशी थांबवली होती, ती मधल्या बोटापर्यंत नेली. यात मी त्याच्याभोवती रचलेल्या गोष्टीतला एक प्रसंगही गेला. पिसुरडं एका हातानं दाणा उचलून मालकिणीच्या ओंजळीत टाकायचं, आता तोंडानं टाकतं. बरंच झालं, फार माकड होत होतं त्याचं.

खरा वेळ गेला तो एका प्रश्नावर: पाळीवपणा अंगावर दिसायचा कुठे? गळ्यात घुंगरू बांधून मोकळं व्हायचं नव्हतं. जनुकशास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी १९५९मध्ये सायबेरियात सुरू केलेला कोल्ह्यांचा प्रयोग असे कल्पित प्राणी रचणाऱ्या आपल्यात सगळ्यांना पाठ आहे: निवड फक्त माणसाळूपणाची, आणि मागोमाग पांढरे ठिपके, वळलेली शेपटी. मीही डोळे झाकून तेच घेतलं होतं. पण ते कोल्हे मुळात कॅनडातल्या फरसाठीच्या पैदाशीतून आलेले, आणि ठिपके तिथेही होतेच, म्हणजे ते माणसाळण्यामुळेच आले असं म्हणता येत नाही. मग कुत्र्यासारखी वर मुरडलेली शेपटी उतरवली. तशी मुरड घालायला हाडांत आधारही सापडत नव्हता. आडवी वळलेली चालते. चीनच्या लिआओनिंगमधल्या मेई लाँग या ट्रूडॉन्टिडचा सांगाडा (वर्णन २००४चं) असाच आहे: पाय पोटाखाली, डोकं हाताखाली, शेपटी अंगाभोवती. झोपेची कल्पना तिथून उचलली.

पांढरा रंग मात्र ठेवला, उजव्या पंखाच्या टोकाच्या तीन पिसांपुरताच. मेलॅनिन (गडद रंगद्रव्य) असलेलं पीस झिजायला चिवट असतं, पांढरं लवकर विरतं. म्हणून त्या तिघांच्या कडा नखानं ओरबाडून फाटक्या केल्या. रानातल्या भावंडाला हे महागात पडलं असतं. याच्या डोक्यावर छप्पर आहे, पीसझडीपर्यंत निभेल. सगळ्या मॉडेलमध्ये मला आवडलेली जागा हीच.

पायाच्या दुसऱ्या बोटाची कोयत्यासारखी नखी लहान केली नाही. पाळणारे तिचं टोक घासून बोथट करतात, असं ठरवलंय. त्यामुळे टोकाशी नखीचे थर उघडे दिसतात. इथे जनुकं नाहीत, माणसाचा हात आहे.

अंड्यांचंही जुळलं. याच कुळातल्या ट्रूडॉनच्या घरट्यांत अंडी जोडीजोडीनं मांडलेली सापडतात, म्हणून आमच्याकडचा रिवाज असा: जोडीतलं एक उचलायचं, एक राहू द्यायचं. टोपलीत चार अंडी ठेवली होती, मग लक्षात आलं की उचलून झाल्यावरची टोपली आहे तर अंडी जोडीनं नकोतच. दोन काढली, उरलेली लांब लांब ठेवली.

उरलाय डोळा. पापणी मी वरून खाली मिटवली, आपली मिटते तशी. बहुतेक पक्षी झोपताना खालची पापणी वर नेतात, आणि याचंही तसंच असावं असं मला वाटतं. मॉडेलची माती, इपॉक्सी क्ले, केव्हाच दगड झालीय. उद्या उजवा डोळा उकरायला घेतो. डावा पंखाखाली आहे, त्याला हात लावणार नाही.