रश्श्याच्या वाटीचं काम कुठवर आलं

पावसाळ्याआधी हातात घेतलेल्या रश्श्याच्या वाटीचा आकार आता पक्का झालाय. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, अजून अर्ध्या वाटेवर आहे. स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या मातीत, रोजच्या वापराची भांडी करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून मापं, मिश्रण आणि वापरातून कळलेल्या गोष्टी सविस्तर लिहिते.

आधी हीच वाटी का, ते सांगते. आमच्या कोल्हापुरात रस्सा नुसता भातावर ओतून संपत नाही, तो वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. पांढरा तर भुरकायचाच. म्हणजे हे भांडं वाटीही आहे आणि पेलाही. स्टीलच्या वाटीत उकळता रस्सा आला की बोटं भाजतात आणि भाकरीचे चार घास होईतो तो कोमट होतो. बाजारात मिळणारे सूपचे बाऊल पसरट असतात. त्यात तांबड्याचा कट सगळीकडे पसरतो, काठ बाहेर वळलेला असल्यामुळे पिताना ओघळ हनुवटीवर येतो. आपल्या जेवणासाठी नेमकं भांडं नाही, तर ते करावं, एवढाच विचार होता.

या विचाराला बळ मिळालं ते अमेरिकी कुंभार वॉरन मॅकेन्झी यांच्याकडून. वापराची भांडी करणाऱ्या स्टुडिओ कुंभारांमध्ये मला ते सर्वांत जवळचे वाटतात. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला जी पॉटरी उभी केली, तिथे मॅकेन्झी १९४९ ते १९५२ या काळात शिकले आणि पुढे अमेरिकेत मिनेसोटातल्या स्टिलवॉटरजवळ आयुष्यभर वाट्या, कप, ताटल्या करत राहिले. २०१८ मध्ये ते गेले. नाव एवढं मोठं होऊनही किमती त्यांनी मुद्दाम कमी ठेवल्या. विक्रीच्या खोलीत बरीच वर्षं कुणी बसलेलंही नसे, गिऱ्हाईक भांडं उचलायचं आणि पैसे टोपलीत ठेवून जायचं. भांडं कपाटात जाऊ नये, ओट्यावर राहावं, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो. म्हणून या वाट्या करताना एकच कसोटी ठेवलीय: घरात घाईच्या वेळी हात आपोआप तिच्याकडे गेला पाहिजे.

आता मापं. ओली माती ३८० ग्रॅम. चाकावर काठाशी व्यास ११.२ सेंटिमीटर, उंची साडेसहा. माझी माती वाळून-भाजून साधारण १२ टक्के आटते, म्हणजे शेवटी व्यास ९.९ च्या आतबाहेर येतो आणि उंची ५.७. काठोकाठ भरली तर सव्वादोनशे मिली, वाढताना दीडशे ते पावणेदोनशे. भिंत तळातून गोलाई घेत वर जाते आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये जवळजवळ सरळ उभी राहते. ही सरळ पट्टी फार महत्त्वाची आहे. वाटी कलवली की रस्सा एका धारेत येतो आणि कट मागे न राहता सोबत येतो.

काठावर मात्र मी बराच काळ अडून होते. पातळ काढला तर दिसायला सुंदर, पण ओठाला धार लागते आणि घासताना टवके उडतात. जाड ठेवला तर पिताना तोंडात दगड धरल्यासारखं वाटतं. बेंदराचे बैल आणि पाठोपाठ गणपतीची गडबड उरकल्यावर कुंभार गल्लीतल्या एका मामांकडे दोन-तीन नमुने घेऊन गेले. त्यांनी वाटी डोळ्यांनी पाहिलीच नाही म्हटलं तरी चालेल. अंगठा काठावरून गोल फिरवला, मग वाटी सरळ ओठाला लावली. म्हणाले, "ताई, काठ आतनं मारा. भाईर ऱ्हाऊ द्या गोल. पिणाऱ्याचा खालचा ओठ भाईर बसतोय न्हवं?" मग चाकावर बसून भिजलेली चिंधी काठाच्या दोन्ही बाजूंना येईल अशी टाकली, दोन बोटांनी आतली बाजू किंचित उतरती केली आणि बाहेरची गोल ठेवली. चाक जेमतेम चार-पाच वेढे फिरलं असेल. तेव्हापासून मी स्पंज सोडून सुती चिंधीच वापरते आणि आतला उतार देऊनच वाटी तारेने कापते. टवके उडायचं प्रमाण लगेच कमी झालं, कारण काठाची जाडी गेली नाही, फक्त कोपरा गेला.

वाटीला पाय, म्हणजे तळाचं कडं, हवाच. मी तो एक सेंटिमीटर उंच ठेवते, व्यास साधारण साडेचार. ट्रिमिंग करताना, म्हणजे अर्धवट वाळलेली वाटी तासताना, पाय आणि पोट यांच्यामध्ये बोटाचं पेर बसेल एवढी खाच सोडते. गरम वाटी उचलताना माणूस अंगठा काठावर ठेवतो आणि मधलं बोट पायाखाली सरकवतो. घरच्यांना जेवताना पाहूनच हे लक्षात आलं. तिथे पोटाची उष्णता बोटापर्यंत येत नाही.

साध्या तांबड्या मातीत हे का करत नाही, असं बरेच जण विचारतात. कुंभाराच्या आव्यात माती साधारण सातशे ते नऊशे अंशांपर्यंत भाजते आणि सच्छिद्र राहते. माठाला तेच हवं असतं, पाणी झिरपतं, उडतं, म्हणून गार होतं. पण रोज तेलकट, मसालेदार रस्सा त्यात गेला तर तेल भिंतीत मुरतं आणि वास धरतं. आपल्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, म्हणून मामांसारखे लोक तिच्यात राख, लीद घालून तिला आवरतात. माझं काम स्टोनवेअरचं, कोन ६ (भट्टीतली उष्णता सांगायचं माप), म्हणजे माझ्या विजेच्या भट्टीत सव्वाबाराशे अंशांच्या आसपास. नवी माती आणली की आधी तिचं पाणी शोषणं मोजते. ग्लेझ न लावलेला, पूर्ण भाजलेला तुकडा वजन करायचा, काही तास पाण्यात उकळायचा, तसाच भिजत ठेवायचा, पुसून पुन्हा वजन करायचा. वाढ दीड टक्क्याच्या आत असेल तरच त्या मातीत वाट्या.

पावसाळ्याबद्दल एवढंच: आपल्याकडे आषाढात माती वाळल्यासारखी दिसते, वाळत नाही. हाताला गार लागली की ओल आहे समजायचं. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, करताना भट्टी नव्वद अंशांच्या आसपास रात्रभर धरून मगच वर नेते.

आता ग्लेझ. सुरुवात अनेकांना माहीत असलेल्या सोप्या मिश्रणापासून केली: फेल्डस्पार, बोरॉनचं फ्रिट (वितळवून दळलेली काच), वोलॅस्टोनाइट, चायना क्ले आणि सिलिका, प्रत्येकी २० भाग. चकचकीत, स्वच्छ, लावायला सोपं. पण माझ्या मातीवर त्याला जाळी पडते, म्हणजे बारीक तडे जातात. भट्टीतून काढताना काहीच दिसत नाही. वाटी उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात असं काही वेळा केलं आणि मग तिच्यात रात्रभर तांबडा रस्सा ठेवला, तेव्हा सकाळी धुतल्यावर तळाशी केसाएवढ्या बारीक केशरी रेघांचं जाळं उमटलेलं दिसलं. असे तडे शोधायला शाईने चाचणी करतात तीच ही, फक्त मिरचीच्या तेलाने. आणि आपल्या कामाला तेलच जास्त खरं बोलतं.

कारण सरळ आहे. थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं, ताण येतो आणि ते तडकतं. फेल्डस्पारमधले सोडा आणि पोटॅश हे आकसणं वाढवतात, सिलिका आणि मॅग्नेशिया कमी करतात. म्हणून फेल्डस्पार थोडं उतरवून सिलिका चढवत गेले आणि मॅग्नेशियासाठी चिमूटभर टाल्क घातला. सिलिका २६ भागांवर नेल्यापासून जाळी थांबलीय. रस्सा रात्रभर ठेवूनही तळ पांढरा राहतो. तरी निश्चिंत नाही, कारण जाळी कधीकधी महिन्यांनी पडते, म्हणून काही वाट्या तारीख लिहून बाजूला ठेवल्यात. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग किंवा चकाकी उतरते का, हेही प्रत्येक लॉटला बघते. आतल्या बाजूला शिसं नाही, मॅंगनीज नाही, तांब्याचा हिरवा नाही. ते रंग कितीही मोहात पाडोत, अन्न लागतं तिथे मी ते लावणार नाही.

रंगाचा निर्णय रश्श्यानेच केला. तांबडा पांढऱ्या वाटीत उठून दिसतो. पांढरा रस्सा पांढऱ्यात हरवतो, त्याची नारळाच्या दुधाची पिवळसर झाक दिसतच नाही. त्याच्यासाठी त्याच मिश्रणात ९ टक्के लाल आयर्न ऑक्साइड घालून काळपट तपकिरी केलंय. काठावर ग्लेझ पातळ होतं तिथे ते गंजासारखं तांबूस फुटतं. दोन्ही वाट्या ताटाशेजारी ठेवल्या की जोडी भारी दिसते.

सध्या ज्याचं वेड लागलंय ते म्हणजे चिपाडाची राख. गुऱ्हाळावर काहिलीखाली चुलाणात चिपाड जळतं, त्या राखेत सिलिका भरपूर असते, शिवाय थोडं पोटॅश आणि चुना. विकतच्या सिलिकेचा काही भाग हिने भरून काढायचा प्रयत्न चालू आहे. राख काळी असेल तर तिच्यात न जळालेला कार्बन असतो, तो आधी बिस्कबरोबर पुन्हा भाजून काढते. मग ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळणं. हातमोजे घालाच, ओली राख कातडी खाते. रंग मधासारखा येतो, मधे बारीक ठिपके. अडचण अशी की दर चुलाणाची राख निराळी, उसाबरोबर आलेली माती निराळी. म्हणून ती फक्त बाहेरच्या अंगाला. आतलं ग्लेझ तोललेल्या, माहीत असलेल्या पदार्थांचंच.

डझनभर वाट्या ओळखीच्या मावशींच्या खानावळीत वापरायला दिल्यात. स्टुडिओत बसून जे कळत नाही ते तिथे आठवड्यात कळतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, ग्लेझच्या वाट्यांना स्टीलच्या चमच्यांनी आणि घासणीने करड्या रेघा ओढल्या, तेव्हा मॅट आतून कायमचं बंद. दुसरी तक्रार थप्पीची. मावशी म्हणाल्या, "एकात एक बसत न्हाईत गं, मांडणीत जागा खात्यात." वरच्या वाटीचं पोट खालच्या वाटीच्या सरळ काठावर टेकत होतं. पाय तीन मिलिमीटर आत घेतला आणि पोटाची गोलाई जरा खाली सरकवली. आता चार वाट्या न डगमगता उभ्या राहतात, आणि बोटाची खाच तशीच आहे.

पुढच्या भट्टीत या नव्या पायाच्या वाट्या आहेत, निम्म्या आतून पांढऱ्या, निम्म्या काळ्या, बाहेरून काहींना राखेचं ग्लेझ. मार्गशीर्ष संपला की खानावळीत मटणाला गर्दी उसळते. त्याआधी लॉट मावशींकडे पोचवायचाय. राखेच्या वाट्यांना तिथे घासणी कशी लागते, ते बघून राखेचं प्रमाण ठरवेन.