एवढ्याशा देशाचा अभ्यास

"एस्टोनिया? अहो मॅडम, आमच्या पिंपरी-चिंचवडपेक्षा लहान देश तो. त्यावर अख्खं करिअर?"

चहाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ प्राध्यापक हसत म्हणाले. मीही हसले, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठच्या या देशाची लोकसंख्या साधारण १३ लाख, हे खरंच. पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर, जून १९९२ मध्ये या देशाने सोव्हिएत काळातलं चलन रूबल सोडून स्वतःचं चलन, क्रून, आणलं. माणशी फक्त १५०० रूबल रोख बदलून मिळाले, दहाला एक या दराने. हातात १५० क्रून. आठ क्रूनला एक जर्मन मार्क, म्हणजे जेमतेम १९ मार्क! एवढ्यावर नव्या देशात संसार मांडायचा.

आणि मध्यवर्ती बँकेला हव्या तेवढ्या नोटा छापायची मुभाच नव्हती. तिजोरीत सोनं नि परकीय चलन असेल, तेवढ्याच. त्यातलं काही सोनं तर दुसऱ्या महायुद्धाआधी पाश्चात्त्य बँकांत ठेवलेलं, स्वातंत्र्यानंतर परत मिळालेलं.

मोठ्या देशात असे निर्णय सरासरीत बुडून जातात. इथे ते थेट माणसाच्या खिशात दिसतात. मला तरी याहून चांगली प्रयोगशाळा माहीत नाही.

बाकी, भारतावर काम करणाऱ्याला "एवढा मोठा देश कशाला घेतलात?" असं कुणी विचारतं का हो?