बिगुलाच्या मागावर चार गावं

विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला कोणी मुद्दाम वाट वाकडी करून जात नाही. एक विद्यापीठ, एक मुख्य रस्ता आणि भोवती मक्याची शेतं, एवढंच गाव. शिकागोला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि मी मुलीला आधी तिथेच नेलं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या बिगुल-ड्रम पथकांच्या संघटनेची, म्हणजे डीसीआयची, पहिली अजिंक्यपद स्पर्धा याच गावात झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइम किंग्जमेन पथकाने ती जिंकली. पर्किन्स स्टेडियमच्या कुंपणाशी आम्ही पोचलो तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं.

"बाबा, इथे बघायचं काय?" मुलीने विचारलं.

मी तिला अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. दर पाच यार्डांवर एक रेघ. दोन रेघांमध्ये आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. उंच पोराचंही तेवढंच, बुटक्या पोरीचंही तेवढंच. ड्रम कोअरचा, म्हणजे या पथकांचा, सगळा डोलारा त्या पावलावर उभा असतो.

पुण्यातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी पोरांची बिगुल-ड्रम पथकं उभी केली. चर्चनीही केली. संचलनात वाजवणं, मग आपसात स्पर्धा, असं करत ती वाढली. साठच्या दशकाअखेर पथकांना स्वतःचे नियम स्वतः ठरवावेसे वाटू लागले आणि त्यातून डीसीआय उभी राहिली. पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे घेऊन नाचणारा कलर गार्ड, बस. क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही. दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम, तोच उन्हाळाभर घासायचा. आणि वयाची अट कडक: बावीस पूर्ण केलेल्यांना नवा उन्हाळा नाही.

मी चौदा वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीहून मिलवॉकीजवळ राहायला गेलो. सांगलीच्या शाळेत मी पंधरा ऑगस्टला बिगुल वाजवायचो, तेवढ्या भांडवलावर तिथल्या हायस्कूलच्या बँडमध्ये शिरलो आणि पुढे एका लहान पथकात. ते पथक आता नाही. अंतिम फेरीत ते कधी गेलं नाही, म्हणून त्याचं नाव बाहेर फारसं कोणाला ठाऊकही नव्हतं. मला मात्र इंग्रजी नीट बोलता येण्याआधी ज्यांनी रांगेत जागा दिली, ती ही माणसं.

गळ्यात दोरीने लटकवलेली एक छोटी वही असायची. तिला डॉट बुक म्हणायचे. प्रत्येक सुरावटीच्या शेवटी आपण मैदानावर नेमके कुठे असायला हवं ते त्यात लिहिलेलं: अमुक रेघेच्या आत अडीच पावलं, पुढच्या कडेपासून सहा पावलं. कार्यक्रमात अशा शंभराच्या आसपास जागा. प्रशिक्षक मनोऱ्यावरून ओरडणार, "सेट!" आपण पळत आपल्या जागेवर. मेट्रोनोम टकटकतोय, डोक्यावर जुलैचं ऊन, हातात बॅरिटोन, म्हणजे जाड आवाजाचं पितळी वाद्य. आठ ठोके सोडून सुरुवात, सोळा पावलं, थांबा. शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्याच्या रेषेत आहे का, हे मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. नाही ना? पुन्हा. "वन मोअर टाइम" म्हणायचे, आणि ती एक वेळ कधीच एक नसायची. घामाने वहीतली शाई उतरायची म्हणून आम्ही पानांवर चिकटपट्टी लावायचो. संध्याकाळपर्यंत तेवढ्याच सोळा पावलांवर अडकलेलो असायचो आणि कधीतरी अचानक ती वक्ररेषा जमायची. मैदानावर असताना ती दिसत नाही. मनोऱ्यावरचा माणूस गप्प झाला की कळायचं.

रात्री कार्यक्रम झाला की बसमध्ये बसायचं, पहाटे पुढच्या गावच्या शाळेत उतरायचं आणि व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर पथारी टाकून दोन-चार तास झोपायचं. जेवण एका मोठ्या ट्रकमधल्या स्वयंपाकघरातून. तिथे पोरांचे आईवडील सुट्टी काढून येऊन राबायचे. एका उन्हाळ्यात आई आली. शाकाहारी म्हणून मी पीनट बटरच्या सँडविचवर दिवस काढतोय हे तिला कळलं होतं. पहिले दोन दिवस तिने निमूट कांदे चिरले, तिसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात मसालेभात टाकला. आयोवातली दोन ड्रमवाली पोरं तिसऱ्यांदा ताट घेऊन आली तेव्हा आईचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर ती दर उन्हाळ्याला आली, आणि पोरं तिला "आई" म्हणूनच हाक मारायची.

व्हाइटवॉटरहून मॅडिसन तासाभरावर. कॅम्प रँडल स्टेडियमच्या दाराशी दगडी कमान आहे, कारण यादवी युद्धात इथे सैनिकांना कवायत शिकवली जायची. १९९९ ची डीसीआयची स्पर्धा इथे झाली. तो माझा शेवटचा उन्हाळा. पहिल्या फेरीतच आमचं काम संपलं. मैदानाबाहेर पडताना मी वाकून कडेच्या रेघेला हात लावला आणि कपाळाला लावला, तालमीच्या आखाड्यात लावतात तसा. माझ्या मागचा पोरगा सहा फुटांचा, काँट्रा, म्हणजे खांद्यावरचं सगळ्यांत मोठं बिगुल, वाजवणारा. त्यानेही तसंच केलं. काही विचारलं नाही त्याने.

शनिवारी अंतिम फेरी आम्ही वरच्या रांगेत बसून पाहिली. निकालाच्या वेळी सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ब्लू डेव्हिल्स, दोन्ही पथकांना सारखेच गुण. दोघंही विजेते. अख्खं स्टेडियम आधी गोंधळलं आणि मग असं उसळलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

त्या वर्षीपर्यंत सगळ्यांची पितळी वाद्यं जी पट्टीतली बिगुलंच असायची. दुसऱ्या वर्षीपासून नियम सैल झाला, कुठल्याही पट्टीतली वाद्यं चालू लागली आणि बहुतेक पथकं नेहमीच्या बँडच्या वाद्यांकडे वळली. जी बिगुल सुरात ठेवायला कठीण, हे खरं. पण पथकातले साठेक बिगुलवाले एकदम तुमच्याकडे वळून वाजवायला लागले की आवाज छातीवर येऊन आदळायचा. त्यात एक खरखरीत धार होती. २००४ पासून माइक आले, २००९ पासून सिंथेसायझर. आजची पोरं आमच्यापेक्षा कितीतरी सरस वाजवतात, हे मी मनापासून सांगतो. तरी सिंथेसायझरचा तो खालचा घुमारा मला नको वाटतो. शंभर माणसांच्या फुफ्फुसांनी केलेल्या आवाजाला वीज जोडायची गरज मला पटलेली नाही.

रॉकफर्डला आम्ही जेवणापुरते थांबलो. फँटम रेजिमेंटचं गाव, १९५६ पासूनचं पथक. २००८ मध्ये त्यांनी ब्लू डेव्हिल्सना ०.०२५ गुणांनी हरवलं होतं. हॉटेलातल्या बाईंना सांगितलं की आम्ही फायनल्सला निघालोय, तर त्यांनी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

तिथून इंडियानापोलिसचा रस्ता लांबलचक आणि सपाट आहे: आधी सरळ दक्षिणेला, मग पूर्वेला, मका आणि सोयाबीन, पवनचक्क्या, पुन्हा मका. लहानपणी हा प्रदेश मी बसच्या खिडकीतून फक्त रात्री पाहिलेला. मुलगी झोपली होती. मी मनात जुनी सुरावट मोजत होतो, आणि बोटं स्टिअरिंगवर झडपा दाबत होती.

२००९ पासून अंतिम फेरी इथल्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असते. आत छप्पर, आवाज घुमतो, जाणकार त्यावर कुरकुरतात. म्हणूनच मी आधी बाहेरच्या मोकळ्या जागेत गेलो, जिथे पथकं सराव करतात. हॉर्नवाले अर्धवर्तुळात उभे, समोर एक माणूस हातानेच ताल देतोय, आणि आपण त्यांच्यापासून चार हातांवर. माइक नाही, काही नाही. एक लांब सूर त्यांनी हळूहळू उघडत नेला आणि मुलीने माझा दंड घट्ट धरला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या ओठांवर वळ होता, मनगटांवर हातमोज्यांच्या कडेने उन्हाची रेघ. आठवणीत ज्या खुणा अगदी स्वच्छ होत्या, त्याच माझ्यासमोर होत्या.

हे २०२४ साल. जानेवारीत कॅडेट्स पथक बंद झालं होतं. १९३४ साली न्यू जर्सीतल्या एका चर्चच्या आधाराने सुरू झालेलं, दहा वेळा डीसीआय जिंकलेलं पथक, आणि त्यांच्याविना ही पहिली स्पर्धा. त्यांचा जुना मरून सदरा घातलेली माणसं गर्दीत ठिकठिकाणी दिसत होती. दुसऱ्या बाजूला सांता क्लारा व्हॅनगार्ड एक वर्षाच्या खंडानंतर परत मैदानात होतं. ते आत येताना लोक आधीच उभे राहिले, मीही राहिलो.

ओहायोतल्या कँटनच्या ब्लूकोट्सनी बाजी मारली, आधी २०१६ मध्ये आणि आता दुसऱ्यांदा. निकालानंतर ज्यांचं वय भरलं होतं ती पोरं एकमेकांना सोडेनात. ही वयाची अट क्रूर आहे असं मी अनेकदा ऐकलंय. मला ती हवी वाटते. आपली जागा रिकामी झाल्याशिवाय कोणा चौदा वर्षांच्या, नीट बोलता न येणाऱ्या पोराला ती मिळणार कशी?

अमेरिकेत असाल तर जूनअखेरपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जवळपास कुठेतरी स्पर्धा असतेच. तिकीट जरूर काढा, पण दोन तास आधी पोचा आणि गाड्या लावायच्या जागेतून आवाजाच्या दिशेने चालत जा. घरात वाजवणारं पोर असेल तर निवडीची शिबिरं नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतात. आणि उन्हाळ्यात आठवडाभर मोकळे असाल तर स्वयंपाकाच्या ट्रकवर माणसं नेहमी कमीच पडतात.