कडबनवाडीच्या माळावरची जोडी

दिवाळीची धावपळ संपली आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी आणि माझा मामेभाऊ पहाटे साडेतीनला पुण्यातून निघालो. सोलापूर रोडने भिगवण, तिथून आत वळून इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी. लांडगे बघायचे होते आणि तेही याच दिवसांत, कारण आपल्याकडच्या लांडग्यांचा जोडीने राहायचा, जुळायचा काळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि मग दोन महिन्यांनी पिल्लं.

उजाडलं तर सगळा माळ पिवळा. गाइड दादांनी गाडी थांबवली आणि नुसतं बोट दाखवलं. दोन लांडगे, गवताच्याच रंगाचे, हलले म्हणून दिसले. पुढे मादी. ती एका झुडपापाशी बसून मुतली आणि पुढे गेली, मागून नर आला, त्याने तिथे बराच वेळ नाक घातलं, मग पाय वर करून नेमका तिच्याच जागेवर मुतला. पन्नास पावलांवर परत तेच. दादा म्हणाले, "ताई, जोडी पक्की झालीय." दोघांचा वास एका जागी म्हणजे इथे जोडी राहते, ही जागा घेतलेली आहे हे बाकीच्यांना कळवणं. मला ते बघताना खरंच गलबलून आलं.

लहानपणापासून माझ्या डोक्यात होतं की लांडग्यांत मारामारी होते आणि जिंकेल त्याला मादी. ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' म्हणजे लढून कळपाचा म्होरक्या झालेला, हा शब्द सगळीकडे पोचला त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनीच नंतर सांगितलं की जंगलातल्या कळपाला तो लागू पडत नाही, कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची मागच्या एकदोन वर्षांची पोरं. मग पोरांनी जोडीदार आणायचा कुठून? घर सोडून! एक ते तीन वर्षांची झाली की निघतात, एकटी, अनोळखी मुलखात, आणि तशीच बाहेर पडलेली दुसरी कोणीतरी भेटायला लागते. अमेरिकेत आइल रॉयल नावाच्या बेटावर ही वाटच बंद झाली, शेवटी दोनच लांडगे उरले, बाप आणि त्याचीच मुलगी, ती त्याला जवळ येऊ देत नव्हती, २०१८ पासून बाहेरचे लांडगे नेऊन सोडावे लागले.

नऊच्या सुमाराला एका विहिरीपाशी चहाला थांबलो, तिथवर चालत जाताना सॉक्स कुसळांनी भरले. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे, त्यातले निम्मे अर्धवट, टोपीसारखे लटकलेले. नर एवढंच विणून पंख फडफडवत बसतो, मादी येऊन आत शिरून बघते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते सोडून दुसरं. आणि ती विणकामापेक्षा जागा जास्त बघते म्हणे, उंच, काटेरी झाड. मी ते नाकारलेले खोपे मोजत बसले, अकरा होते.

शेजारीच मेंढरांचा वाडा उतरला होता, वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, अजून लावलेली. मेंढपाळ मामांना सांगितलं जोडी दिसली, तर म्हणाले, "परवा एक कोकरू न्हेलं त्यानं. न्हेऊ दे, त्याचा वाटा असतोय. पिल्लं व्हतील तवर आम्ही कोकणात." ज्याचं कोकरू गेलं तो माणूस हे बोलतो!

वाड्यावरची कुत्री बघून मात्र पोटात गोळा आला. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या लांडग्याच्या डीएनएत कुत्र्याचा संकर सापडला. जोडीदार मिळेना की लांडगा कुत्र्याशी जुळू शकतो, आणि आपण माळाला पडीक म्हणतो, तिथे प्लॉट पाडतो, मग त्या एकट्या निघालेल्या पोरांनी एकमेकांपर्यंत पोचायचं कसं?

परतताना डांबरी रस्त्याला लागायच्या आधी दादांनी परत गाडी थांबवली. नव्या प्लॉटिंगच्या तारेच्या कंपाउंडला लागून एक तरुण लांडगा पळत होता, कोपऱ्यापर्यंत गेला, तारेला नाक लावलं, तिथूनच मागे वळला, परत दुसऱ्या टोकाकडे.

"महिना झाला, एकटाच दिसतो," दादा म्हणाले.