किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागताना : माझा अनुभव

मी मूळचा साताऱ्याचा. गेली अकरा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरात राहतो आणि दर शनिवारी रात्री नऊ वाजता ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या साहसखेळाचा, डाव चालवतो. आमच्यातील सहावी खेळाडू म्हणजे पुण्यात शिकणारी माझी भाची. आम्ही बसतो तेव्हा तिच्याकडे रविवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. डाव चालवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टरला, लढाईच्या वेळी कोणाची पाळी कधी, कोणत्या राक्षसाचे किती हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) उरले, कोणावर कोणता मंत्र अजून चालू आहे, हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. त्यासाठी मी स्वतःपुरते ब्राउझरमध्ये चालणारे एक साधन लिहिले होते. ते इतरांनीही मागायला सुरुवात केली, तेव्हा ते नीट पूर्ण करून चित्रकाराकडून टोकनांची, म्हणजे पात्रे आणि राक्षस दाखवणाऱ्या सोंगट्यांची, चित्रे काढून घ्यायची आणि त्यासाठी लोकवर्गणी काढायची, असे मी २०२४ च्या उन्हाळ्यात ठरवले.

या मार्गाला पूर्वपीठिका आहे. आज लाखो लोक ज्यावर खेळतात ते रोल२० हे ऑनलाइन टेबल २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरूनच सुरू झाले. पाच हजार डॉलरच्या उद्दिष्टासमोर त्यांना सुमारे ३९ हजार डॉलर मिळाले होते. किकस्टार्टरचा नियम सरळ आहे : ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट गाठले तरच कार्डांवरून पैसे घेतले जातात, अन्यथा कोणाचा एक पैसाही घेतला जात नाही. भारतात राहून तेथे बॅकर (वर्गणी देणारा) होता येते, परंतु स्वतःच्या नावावर प्रकल्प मांडता येत नाही. माझा पत्ता आणि बँक खाते अमेरिकेतील असल्यामुळे ओळख पडताळणी दोन दिवसांत झाली.

खरे काम किकस्टार्टरवरील प्रकल्पाच्या पानाचा मजकूर लिहिण्याचे होते. पहिल्या मसुद्यात मी ‘एकदा पैसे द्या आणि आजीवन वापरा’ असे लिहिले होते. आमच्या गटातील एका मित्राने तो वाचून एवढेच विचारले, की सर्व्हर कोण चालवणार आणि किती वर्षे? मी कागदावर हिशेब मांडला. सर्व्हर आणि डेटाबेस यांचे महिन्याला वीस डॉलर धरले, तरी वर्षाचे २४० आणि दहा वर्षांचे २,४०० डॉलर होत होते, आणि त्यात माझ्या वेळेची किंमत कोठेच नव्हती. पुस्तकासाठी वर्गणी काढणाऱ्याचे काम पुस्तक पोहोचले की संपते. साधनाचे काम मात्र ते पोहोचल्यावर सुरू होते, आणि वीस डॉलर देऊन विश्वास टाकणाऱ्या माणसाला चार वर्षांनी बंद पडलेले संकेतस्थळ दाखवणे मला मान्य नव्हते. म्हणून मी रचनाच बदलली. सगळे साधन वापरणाऱ्याच्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही चालावे, त्याची माहिती त्याच्याच फाइलमध्ये राहावी आणि सलग सहा महिने मी कोणतीही दुरुस्ती केली नाही तर संपूर्ण कोड खुला व्हावा, असे वचन दिले. त्यासाठी सर्व खेळाडूंच्या पडद्यांवर एकाच वेळी बदल दिसण्याची सोय काढून टाकावी लागली. त्या सोयीवर मी पाच महिने खपलो होतो, त्यामुळे जिवावर आले, पण तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते.

खेळाचे नियम साधनात वापरण्याच्या परवान्याचा प्रश्न त्या मानाने सुटसुटीत निघाला. जानेवारी २०२३ मध्ये मोठ्या वादानंतर या खेळाच्या मूलभूत नियमांचा ५.१ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला आहे. श्रेयाचा ठरलेला मजकूर दिला की तो व्यावसायिक साधनातही वापरता येतो. त्यात नसलेले राक्षस, उदाहरणार्थ बिहोल्डर, मी घेतले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर केला आहे का, हेही किकस्टार्टरच्या अर्जात सांगावे लागते; आमची चित्रे चित्रकाराने हाताने काढलेली असल्यामुळे तसे स्पष्ट लिहिले.

मोहीम ऑक्टोबरमध्ये करण्याचा माझा विचार हिशेबनिसांनी थांबवला. वर्षअखेरीस पैसे हाती आले असते तर ते त्याच वर्षाचे उत्पन्न ठरले असते आणि चित्रकाराला दिलेले पैसे मात्र पुढच्या वर्षाच्या खर्चात गेले असते, म्हणजे खर्चायच्या रकमेवरच कर बसला असता. युरोपचा नियम तर मला ठाऊकच नव्हता : युरोपीय संघाबाहेरच्या विक्रेत्याने तेथील ग्राहकाला डिजिटल वस्तू विकली, की पहिल्या विक्रीपासून त्या ग्राहकाच्या देशाच्या दराने व्हॅट (मूल्यवर्धित कर) भरावा लागतो, जर्मनीत १९ टक्के तर हंगेरीत २७. सर्व देशांचा भरणा एकाच ठिकाणी करण्याची नोंदणी मी आधीच करून ठेवली. हा मार्ग धरणाऱ्या प्रत्येकाने हे काम पान उघडण्यापूर्वी करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तीस दिवसांची मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट सहा हजार डॉलरचे होते. पहिल्या तीन दिवसांत जवळजवळ निम्मे जमले, मग दोन आठवडे आकडा जेमतेम हलला, आणि शेवटच्या ४८ तासांत, आधी पान केवळ जतन करून ठेवलेले लोक परत आले. मधल्या काळात मी रोज रात्री एका प्रत्यक्ष लढाईचे छोटे चित्रीकरण टाकत असे आणि प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देत असे. नाकारली गेलेली काही कार्डे दुरुस्त होऊन अखेर ३१२ जणांकडून ८,१४० डॉलर जमा झाले. त्यातून किकस्टार्टरचे पाच टक्के आणि कार्डांच्या व्यवहाराचे तीन टक्के अधिक प्रत्येकी वीस सेंट, असे सुमारे ७१४ डॉलर वजा झाले. उरलेली रक्कम दोन आठवड्यांनी खात्यात आली.

चाचणीची आवृत्ती मे महिन्यात बॅकरांना दिली. त्याच आठवड्यातील रविवारी भाची म्हणाली, “मामा, माझं नाव मोडलंय.” तिच्या पात्राचे नाव क्षिप्रा. पडद्यावर ते ठीक दिसत होते, पण कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राच्या माहितीपत्रकाच्या, पीडीएफमध्ये क आणि ष पायमोडके चिन्ह घेऊन सुटे उभे होते आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडली होती. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत वेलांटी व्यंजनानंतरच साठवली जाते. ती आधी आणून बसवण्याचे आणि जोडाक्षर घडवण्याचे काम अक्षरे मांडणाऱ्या प्रणालीला करावे लागते. मी वापरलेली पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) चिन्हे आली तशी ओळीने ठेवत होती आणि मी सगळ्या चाचण्या इंग्रजी नावांवरच केल्या होत्या. स्वतःची भाषा मी तपासली नाही, याचे मला फार वाईट वाटले. हार्फबझ ही अक्षरे मांडणारी खुली प्रणाली जोडून आणि मुंबईच्या एक टाइप या समूहाचा खुल्या परवान्याचा देवनागरी फाँट घालून ते दुरुस्त करायला पाच आठवडे लागले. उशीर होणार हे बॅकरांना मी कारणासह, दोन्ही पीडीएफची चित्रे शेजारी ठेवून कळवले. पैसे परत मागणारे एकच पत्र आले आणि ते पैसे मी त्याच दिवशी परत केले.

अंतिम आवृत्ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांना गेली. त्या रविवारी भाचीने आपल्या पात्राचे पान झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले होते, आणि फासे टाकण्यापूर्वी तिने ते कॅमेऱ्यासमोर धरले. वेलांटी क्षच्या आधी होती.