काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे

"किती घालायचे, तेवढं तू सांग," काका फोनवर म्हणाले. माझ्या धंद्यात हा प्रश्न आठवड्याला दोनदा तरी येतो. बहुतेकदा विचारणाऱ्याने आकडा आधीच ठरवलेला असतो, माझी फक्त मान हलायला हवी असते. काकांचं तसं नव्हतं. बंगळूरच्या भाच्याने त्यांना रेकॉर्ड वाजवायच्या संचाचं एका विक्रेत्याचं कोटेशन पाठवलं होतं, चार लाख बारा हजारांचं. काका बँकेतून निवृत्त झालेले. आकड्याला ते घाबरले नव्हते, पण तो कशाकशाचा आहे हे कळल्याशिवाय सही करणार नव्हते.

माझं म्हापशात दुकान आहे. वडील रेडिओ आणि रेकॉर्ड चेंजर दुरुस्त करायचे, मी टर्नटेबल आणि अँप्लिफायर करतो. निम्मं काम तारवटींनी, म्हणजे खलाशांनी, बोटीवरून आणलेल्या मशिनींचं. अमेरिकेतलं जुनं मशीन साठ हर्ट्झवर चालणारं, ते इथल्या पन्नासच्या विजेवर लावलं की गायक बैलगाडीत बसून गातोय असं वाटतं. मोटरची पुली बदलली की सरळ होतं. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत समजावून सांगतो. पुढे जे झालं त्यात हे लक्षात ठेवा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काकांकडे सावईवेऱ्याला गेलो. पाऊस असा की वायपरने हात टेकले होते. डिकीत घोंगडीत गुंडाळलेलं एक बेल्टवालं टर्नटेबल होतं. खरं सांगायचं तर ते दाखवायला कमी आणि विकायला जास्त नेलं होतं. महिन्यापूर्वी त्याची मोटर बदलली होती, पंचावन्न हजारांत काकांच्या गळ्यात घालावं असा विचार होता.

सुपारीच्या कुळागराला लागून घर. वसरीत कोटेशन पसरलं. टर्नटेबल चांगल्या कंपनीचं, नाव ठेवायला जागा नाही. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा तुकडा, मूव्हिंग कॉइल जातीचं, ब्याण्णव हजारांचं, आणि त्याची सुई घरी बदलता येत नाही. झाडणाऱ्या बाईचं फडकं एकदा अडकलं की ब्याण्णव हजार त्या फडक्यात. तिसऱ्या ओळीत दीड मीटरची वायर, अडतीस हजार. ही वायर विकणाऱ्यांना माझा दंडवत.

मग मी विचारलं, "काका, रेकॉर्डी बघू?" हा प्रश्न कोटेशन करणाऱ्याने विचारला नव्हता. भाच्यानेही नव्हता. माजघरातून दोन लाकडी पेट्या आल्या. एकात एलपी, दुसऱ्यात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जड, काळ्या, लाखेच्या तबकड्या, एकसष्ट. कोटेशनमधल्या टर्नटेबलवर वेग दोनच, ३३ आणि ४५. म्हणजे चार लाख बारा हजार घालून एक अख्खी पेटी मुकीच राहणार होती.

इथे थोडं थांबतो, कारण हे कुणी सांगत नाही. ७८ ला नुसता वेग पुरत नाही, सुईही वेगळी लागते. तिची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट-चौपट रुंद. एलपीची बारीक सुई त्यात घातली तर ती तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांची घाण वाचत राहते. गाणं असतं खाचेच्या भिंतींवर. म्हणून मला कार्ट्रिज असं हवं असतं की ज्याची सुई चिमटीत धरून ओढली की निघते आणि दुसरी बसते. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच अंगाला एलपीची सुई लागते आणि ७८ ची जाड सुईही लागते. ब्याण्णव हजारांत अशा सुया दोन पिढ्यांना पुरतील. आणि धुणं. एलपीवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, ती डिस्टिल्ड पाण्यात किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून जाते. पण लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही. आपले सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तोच प्रयोग गाण्यावर होतो. काकांच्या भावाने एकदा स्पिरिटच्या बोळ्याने एक तबकडी पुसली होती. ती पेटीत तळाशी होती, मधोमध गुळगुळीत चट्टा. मी काही बोललो नाही.

माझं टर्नटेबल मांडलं. पाणसळ ठेवून सपाटी बघितली, सुईचं वजन दोन ग्रॅमवर आणलं, काकांच्या जुन्या अँप्लिफायरला जोडलं. अर्थिंगची वायर लावेपर्यंत स्पीकर भुंग्यासारखा घुमत होता, लावल्यावर गप्प झाला. एक एलपी चढवला, एका जुन्या गायिकेचा. काकांनी डोळे मिटले. "वा," म्हणाले. मी मनात पंचावन्न हजार मोजले.

काकू आत तायखिळ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. तोवर आमच्या बोलण्यात त्यांना कुणी घेतलंच नव्हतं. मीही नाही. तिथूनच आवाज आला, "चढलाय हो हा."

"काय चढलाय?"

"सूर. ही काळी चारात गायची. आम्ही ही रेकॉर्ड लावून बसायचो शिकताना. हे काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे कुठंतरी लोंबकळतंय."

मी हसलो. म्हणजे बाहेर हसलो नाही, पण सव्वीस वर्षं हेच काम करतोय, तर आत हसलो. म्हटलं, "काकू, कधी कधी रेकॉर्डिंगच तसं असतं." त्यांनी वाद घातला नाही. हात पदराला पुसले, पलंगाखालून बाजाची पेटी ओढून काढली, भाता उघडला आणि काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, दाबून धरली. पेटीचा सूर आणि बाईचा षड्ज एकमेकांना लागेनात. नंतर पांढरी सहा दाबली, तीही लागेना. मधली पट्टी पेटीत नसतेच. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाता बंद करून तायखिळ्याकडे परत गेल्या.

बॅगेत वेग तपासायची स्ट्रोबची चकती असते. ३३ च्या वर्तुळात १८० रेघा. पन्नास हर्ट्झच्या विजेवर निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, वेग अचूक असेल तर त्या उजेडात रेघा थिजल्यासारख्या उभ्या दिसतात. आजकालच्या एलईडीखाली भरवसा नाही, म्हणून मी टेस्टरसारखा एक निऑन दिवा वायरीला लावून ठेवलाय. तो धरला. रेघा पुढे चालल्या होत्या. बारीक मुंग्यांची रांग चालावी तशा, सेकंदाला तीनेक. म्हणजे तीन टक्के वेग जास्त. तीन टक्के म्हणजे स्वरात बरोब्बर अर्धी पट्टी. काकू नुसत्या कानाने जिथे पोचल्या, तिथे मला चकती, दिवा आणि गुणाकार लागला.

आणि तो वेग मीच लावलेला होता, याच चकतीने, याच दिव्याने, माझ्या टेबलावर. मग चुकला कसा? हे मला म्हापशाला परतताना, गाडीत, डिचोलीच्या अलीकडे सुचलं. मोटर बदलली त्या दिवशी आंब्याची फांदी तारांवर पडून सकाळपासून वीज नव्हती. दुकान इन्व्हर्टरवर होतं. दिवाही इन्व्हर्टरवर. दुकानात पोचल्यावर इन्व्हर्टरच्या तोंडाला मीटर लावला, ५१.५ हर्ट्झ. रेघा त्या दिवशी अगदी स्थिर होत्या, खोट्या विजेच्या तालावर स्थिर. साठ-पन्नासचं प्रवचन करणारा मी.

काकांच्या ओसरीवर मात्र अजून हे कळलेलं नव्हतं. मी स्क्रू फिरवून वेग उतरवला, काकूंनी आतून "आता बरोबर" म्हटलं, आणि माझं पंचावन्न हजारांचं टर्नटेबल मी आपणहून घोंगडीत गुंडाळलं. कोटेशनच्या पाठीवर नव्याने हिशेब मांडला. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणारं, तीन वेगांचं, आणि वेग सरकवायची पट्टी असलेलं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० ला ती डीजेंसाठी असते. २०१९ पासूनच्या एमके७ वर ७८ चा वेगही आहे. काकूंना ती पट्टी वेगळ्याच कामाची. ७८ च्या जुन्या तबकड्या म्हणायला ७८, कितीतरी जुनी ध्वनिमुद्रणं त्या वेगावर नाहीतच. ज्याला षड्ज ठाऊक आहे त्यानेच पट्टी सरकवून ती जागेवर आणायची. दोन सुया, सुईचा बारीक आवाज वाढवणारा एक साधा फोनो प्रीअँप, धुण्याचं सामान. अँप्लिफायर आणि स्पीकर आहेत तेच, दुरुस्त करून. बेरीज एक लाख सदतीस हजार. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तो रिपेअरवाला आहे, त्याला हाय-एंड काय कळणार?" काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मुद्दाम असावा.

निघताना काका सांगत होते, याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अवकाशात गेल्या. त्या तबकडीबरोबर नासाने कार्ट्रिज आणि सुईसुद्धा दिली आहे, हे मला ठाऊक होतं. फेरीचा वेळ मात्र सेकंदात लिहिलेला नाही, हायड्रोजन अणूच्या तालात लिहिलाय. कुणाच्या विजेवर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी वही काढली. जून-जुलैत वेग लावून दिलेली मशिनं नऊ. दोन क्वार्ट्झ लॉकची, त्यांचा ताल आतला स्फटिक धरतो, त्यांना विजेच्या तालाशी देणंघेणं नाही. उरली सात. सातही जणांना फोन केले, दुरुस्ती फुकट, मी येतो. एकानेही तक्रार केलेली नव्हती. पेडण्यापासून काणकोणापर्यंत पावसात फिरलो. सहा जण म्हणाले, असेल, फरक कळला नाही.

सातवे मडगावचे. माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात महाग सामान त्यांच्याकडे, वेगाचा कंट्रोलरच वेगळ्या डब्यात. मी तो पन्नासवर आणला, रेघा थांबल्या. त्यांनी आवडती रेकॉर्ड लावली, अर्धं गाणं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"मेलं की रे गाणं. आधी कसं तरतरीत होतं. होतं तसं कर."

मी चकती दाखवली, दिवा दाखवला, इन्व्हर्टर सांगितला. ते म्हणाले, पैसे मी मोजलेत.

स्क्रू परत फिरवून आलो.