राखणदाराच्या चपला

देवाला चपला वाहतात म्हटलं की घाटावरची मंडळी आधी हसतात. त्यांनी वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला जाऊन वेतोबाचं देऊळ बघावं. जाड चामड्याच्या, माणसाच्या पायात ढगळ होतील अशा चपला तिथे नवसाच्या म्हणून मांडलेल्या असतात. सोबत केळ्यांचे घड. वेतोबा रात्री गावाची सीमा राखत फिरतो, फिरून फिरून तळ झिजतात, म्हणून नवा जोड. वाहिलेला जोड काही दिवसांनी झिजलेला दिसतो, असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतील. मी कधी वाद घालत नाही. रात्रपाळीच्या माणसाला पादत्राणं पुरवणं ही मला मुळातच समंजस रीत वाटते.

माझ्या आजोळी वेतोबा नाही, राखणदार आहे. देवळामागची राई ही त्याची. या टोकाला शिरून त्या टोकाला बाहेर पडायला पाव तास पुरतो, तोही रमतगमत. एवढ्या जंगलासाठी कोणी वाट वाकडी करणार नाही. पण मे महिन्यात तापलेल्या कातळावरून येऊन तिथे पाऊल टाकावं. अंगावर गारवा येतो आणि डोळ्यांना उजेडाची सवय मोडावी लागते. सातवीण, काजरा, भेरली माड, मध्येच एखादी सुरंगी. या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबीची वेल मांडीएवढी जाड, आणि तिच्या शेंगा हातभराहून लांब. ही वेल इतकी वाढायची तर तिच्या वाटेला कोयता कित्येक पिढ्या फिरकलेला नसला पाहिजे.

गंमत अशी, की राईत आपण चपला काढून शिरायचं आणि घालून फिरायचं ते त्याने. अनवाणी चालताना पाय आपोआप जपून पडतो, बोलणं कमी होतं. मामी पुढे असते. तिचे नियम ठरलेले: शीळ घालायची नाही, थुंकायचं नाही, आणि ‘हयसरली काडी पण उचलूची नाय.’ पडलेली, वाळलेली, चुलीत घालण्यालायक काडीसुद्धा. घरी सरपण विकत घेणारी बाई हे सांगते. मधोमध एका झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला पाषाण आहे. त्याच्यापुढे नारळ, रोट आणि कधीमधी विडी. विडी ओढणारा देव मला फार जवळचा वाटतो.

त्याच्या गोष्टी मामा सांगतो. खांद्यावर कांबळं, हातात काठी. काठी आपटल्याचा आवाज आला तर थांबून वाट द्यावी. अमावास्येला चुकलेल्या माणसाला तो घरच्या दारापर्यंत सोडतो. आणि राईतलं लाकूड नेऊन घराला वासा घातलेल्याचं काय होतं, ते मामा अर्धंच सांगतो. अर्धं सांगण्यातच त्या गोष्टीचं बळ आहे. आरवलीला तर वेतोबाची जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून तिथली माणसं घरासाठी फणसाचं लाकूड वापरत नाहीत. देव ज्या झाडाचा झाला, त्यावर कुऱ्हाड कशी घालायची?

सत्तरच्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत हिंडले आणि जुन्या रानाचे शिल्लक तुकडे इथे उरलेत, हे त्यांनी कागदावर मांडलं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याला अशाच एका राईत रानजायफळाची दलदल वाचली आहे. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्या झाडांची मुळं गुडघा मुडपल्यासारखी वर येतात. जेमतेम अडीच हेक्टरांचा तुकडा, पण सरकारने त्याला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलंय. रानजायफळाच्या बिया धनेश पक्षी गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. त्याला घरट्यासाठी ढोली लागते आणि ढोली म्हाताऱ्या झाडालाच असते. म्हणजे म्हातारं झाड हवं तर धनेश हवा, धनेश हवा तर म्हातारं झाड हवं, आणि दोघांनाही काठीवाला हवा.

शाळेतल्या पुस्तकात याला अंधश्रद्धा म्हणायचे. मला त्यात भाबडेपणापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. वनरक्षक बदलून जातो, याची बदली होत नाही. मात्र भीतीवर चालणारा कायदा भीती सरली की संपतो, हेही खरं. कित्येक गावांत राई तुटली ती चोरांमुळे नाही. देवळाला स्लॅब घालायचा, सभामंडप वाढवायचा, म्हणून देवाचीच झाडं देवाच्या नावाने विकली गेली. त्यासाठी रीतसर कौल लावतात, म्हणजे देवाचा होकार मागतात. नाही आला तर गाऱ्हाणं घालून, ‘व्हय म्हाराजा’ म्हणत पुन्हा लावतात. कधीतरी येतोच.

आमच्याकडे सध्या राईतल्या पायवाटेला पेव्हर ब्लॉक आणि दोन बाजूंना दिवे लावायचं घाटतंय. पाहुण्यांना चालायला बरं, म्हणे. दिवे लागले तर कांबळंवाल्याने फिरायचं कुठे, हे कोणी विचारलं नाही. जत्रेच्या आधी कौल होणार आहे.

‘देव नाय म्हणतलो,’ मामा ठामपणे म्हणाला.

मामी तांदूळ निवडत होती. ‘हल्ली सरपंचाक इचारून कौल लावतत,’ ती म्हणाली.